घरी भाजलेली कॉफी कच्ची पण लागते आणि करपट पण, असं कसं?

कढईबहाद्दर
मंडळी नमस्कार. इथे कॉफीवर धागे आहेत पण सगळे फिल्टर आणि डिकॉक्शनचे, भाजण्यावर काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय. चिकमगळूरहून ओळखीतून हिरव्या बिया मागवल्यात, अरेबिका, पिशवीवर प्लँटेशन ए (धुतलेल्या अरेबिकाची एक प्रत) असं लिहिलंय. घरात जुनी बिडाची कढई आहे त्यात भाजतो, एका वेळी १५० ग्रॅम, गॅस मोठा, हातात लाकडी कालथा आणि ढवळत राहायचं. सात मिनिटांत रंग मस्त चॉकलेटी येतो, वास घरभर सुटतो, आणि मग कप तोंडाला लावला की पहिल्या घोटाला कच्चे शेंगदाणे आणि ओलं गवत, गिळल्यावर जिभेच्या मागे राख. दुधात घातली तर राख जरा लपते पण ते शेंगदाणे काही केल्या लपत नाहीत. क्रॅक, म्हणजे दाणा तडकल्याचा आवाज, येतो, पण सगळे दाणे एकदम नाही, इथे एक तिथे एक असं दोन-तीन मिनिटं चालू असतं. म्हणजे कमी भाजलीय म्हणायची का जास्त? दोन्ही एकदम कसं होईल?

चहाबाज
तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत. तोवर एक फुकटचा सल्ला, माटुंग्याला जा, डोळ्यासमोर भाजलेली दळून देतात, एवढा खटाटोप कशाला. (दिवे घ्या)

जायफळ
आमच्याकडे असल्या कॉफीवर एकच इलाज, किसणीवर जायफळ आणि दोन वेलच्या. शेंगदाणा काय, त्यात पाल पडली तरी कळणार नाही.

मलनाडी मामा
जायफळराव, इलाज झाकायचा नाहीये, शोधायचाय :)

धागाकर्ते, दोन्ही एकदम होतं आणि कढईवाल्यांकडे तर हमखास होतं. मोठ्या गॅसवर बीड इतकं तापतं की दाण्याचा जो भाग कढईला टेकतो तो तिथल्या तिथे जळतो, आणि आतला गाभा अजून गरम व्हायचा असतो. उंचावरच्या मळ्यातला अरेबिकाचा दाणा दाट असतो, उष्णता आत शिरायला वेळ लागतो त्याला. तुम्ही बाहेरचा रंग बघून उतरवता, म्हणजे वरून करपलेली आणि आतून कच्ची. राख सालीची, शेंगदाणे गाभ्याचे.

पण हा झाला अंदाज. खात्री करायची तर भाजलेला दाणा अडकित्त्याने मधोमध कापा आणि आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघा. सपाट बाजूला काळे डाग आहेत का, टोकं जळलीत का तेही बघा. आणि भाजण्याआधी नि नंतर वजन करा. हिरव्या बीत १० ते १२ टक्के पाणी असतं ते जातं, वर थोडा सुका भागही जातो. हलक्या भाजणीत साधारण १२-१३ टक्के घट, मध्यममध्ये १४ ते १६, गडद भाजणीत १८ च्या वर. किचनमधला साधा डिजिटल काटा पुरतो. रंग फसवतो, काटा फसवत नाही.

कढईबहाद्दर
मामा धन्यवाद, आत्ताच केलं. १५० चे १३३ भरले. अडकित्त्याने कापला तर बाहेर डार्क चॉकलेट आणि आत फिकट बदामी, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. सपाट बाजूला काळे गोल ठिपके बऱ्याच दाण्यांना आहेत.

मलनाडी मामा
घट ११.३ टक्के. रंग मध्यम भाजणीचा आणि घट हलक्याच्याही खाली, निकाल लागला. क्रॅक एकसाथ न येणं हेही त्यातलंच, दाणे एकसारखे तापत नाहीयेत.

पुढच्या वेळी असं करा. कढई मध्यम आचेवर चारपाच मिनिटं तापू द्या, धूर निघेपर्यंत नाही. दाणे टाका आणि कढईत हात थांबवू नका, नुसतं गोल फिरवू नका तर तळातले वर आले पाहिजेत. चार-पाच मिनिटांत हिरव्याचे पिवळे होतील, वास गवताचा जाऊन भाजणीच्या पिठासारखा येईल. मग आच तशीच ठेवा. नऊ-दहा मिनिटांच्या आसपास पहिला क्रॅक जोरात सुरू व्हावा, ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा आवाज. तिथे आच किंचित कमी करा, बंद नाही, आणि अजून दोनेक मिनिटं द्या. दुसरा क्रॅक बारीक चुरचुर असा येतो, त्याच्या आधी उतरवा. फिल्टर कॉफीसाठी थोडं पुढे गेलात तरी चालेल, चिकोरीवाल्यांना तसंच आवडतं.

आकडेमोड
मामांशी सहमत, फक्त एक भर. कच्चेपणाचं कारण असं की कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात, भाजताना ती फुटतात आणि त्यांच्यापासून कॉफीचा नेहमीचा कडवटपणा बनतो. गाभा तापलाच नाही तर ती तशीच राहतात, तुरट लागतं, आणि साखर-अमिनो आम्लांची जी प्रक्रिया खमंगपणा देते तीही अर्धवट राहते. पहिला क्रॅक दाण्याच्या तापमानाने साधारण १९६ ते २०५ डिग्रीला येतो, दुसरा २२५ च्या आसपास. प्रोब (तापमान मोजायची सळई) कुठे लावलाय त्यावर आकडा बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याच्या मागे धावू नये.

ती पिस्तूल छाप इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन कढईवर नेम धरणारे बरेच असतात. तिच्यात दाण्याचं आतलं तापमान कळत नाही, वरच्या सालीचं किंवा दाण्यांमधून डोकावणाऱ्या कढईचंच कळतं. रिकामी कढई किती तापली ते बघायला मात्र उत्तम. हौस असेल तर के टाईप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि आर्टिझन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आलेख काढून देतं. बाकी कढईत कॉफी नीट भाजताच येत नाही हे हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

पाखडणारी
>> कढईत कॉफी नीट भाजताच येत नाही
कायच्या काय. इथिओपियात पाहुणा आला की बाई त्याच्यासमोर निखाऱ्यावर तव्यात हिरव्या बिया भाजते, उखळात कुटते आणि जेबेना म्हणून मातीचं भांडं असतं त्यात उकळते. अरेबिकाचा उगमच तिकडचा. त्यांना आलेख दाखवा बघू तुमचा.

आकडेमोड
ताई मान्य, पण त्या बाईने ते लहानपणापासून केलेलं असतं आणि तिचा हात हाच थर्मोकपल असतो. आपल्याला मोजायला काहीतरी लागतंच. नीटच्या जागी 'एकसारखी' वाचा, शब्द मागे घेतो.

गॅरेजवाली
न्यू जर्सीतून हजेरी. माझा प्रॉब्लेम उलटा होता म्हणून लिहिते, कुणाला उपयोग होईल. मी हॉट एअर पॉपकॉर्न मशीनमध्ये भाजते, धूर नको म्हणून गॅरेजमध्ये. उन्हाळ्यात सहा-सात मिनिटांत क्रॅक येऊन काम तमाम, कॉफी झकास. थंडीत तेच मशीन, त्याच बिया, तेवढंच वजन, आणि पंधरा मिनिटं झाली तरी नुसतं खडखडतंय, क्रॅक आला तर आला. प्यायला कच्ची नाही, कडूही नाही, कशाचीच नाही. मचूळ. मशीन आत जी हवा ओढतं तीच शून्याच्या खाली असेल तर ते तापवणार तरी किती. वर उघडा असलेला भाग टिनच्या नळकांड्याने वाढवला आणि गॅरेजऐवजी किचनच्या एक्झॉस्टखाली आणलं तर सुटला प्रश्न. भारतात पॉपर वापरणाऱ्यांना हेच व्होल्टेजमुळे होत असणार, संध्याकाळी लाईट डिम होते तेव्हा भाजायला घेऊच नका.

भाईंदरची पोर
+१ व्होल्टेज. आमच्याकडे रात्री अकरानंतर भाजते. फक्त शेजारच्या काकूंनी एकदा बेल वाजवून विचारलं काय जळतंय म्हणून.

कढईबहाद्दर
अपडेट. मामांच्या सांगण्याप्रमाणे आच कमी केली, जरा जास्तच कमी झाली बहुतेक, एकूण २२ मिनिटं लागली. पहिला क्रॅक अठराव्या मिनिटाला, तोही मेल्यासारखा. शेंगदाणे गेले! काळे ठिपके पण नाहीत. घट १५ टक्के, कापल्यावर आतबाहेर एकच रंग. पण आता कॉफीला पावाची चव येतेय, नाहीतर भिजलेल्या पुठ्ठ्याची म्हणा. आंबटपणा नाही, गोडवा नाही, नुसतं तपकिरी पाणी. गॅरेजवाली म्हणतात तेच ना हे?

आकडेमोड
तेच. ह्याला बेक्ड म्हणतात. पिवळं झाल्यानंतर तापमान चढत राहायला हवं, आधी भराभर आणि मग हळूहळू कमी वेगाने, पण चढतं. मधेच ते रेंगाळलं किंवा थांबलं की दाणा शिजतो, भाजत नाही. वाईट म्हणजे ह्यात रंग बरोबर, वजन बरोबर, कापून बघितलं तरी बरोबर, फक्त चव मेलेली. म्हणून वेळ लिहून ठेवायची: पिवळं कधी, क्रॅक कधी, उतरवलं कधी, तीन आकडे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, आच बदलली तर वजन तेच ठेवा. नाहीतर चव सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही आणि बिघडली तरी कळत नाही.

मलनाडी मामा
आता सात आणि बावीसच्या मध्ये या. अकरा ते तेरा मिनिटं. १५० ग्रॅमला ती बिडाची कढई मोठी असेल तर आच कमी केली की उष्णता नुसती वर निघून जाते. उतरवेपर्यंत अर्धवट झाकण ठेवून कढई हलवता येते का बघा, नाहीतर हँडल फिरवायचं पॉपकॉर्नचं भांडं मिळतं ते घ्या, झाकण असल्याने आतली हवाही तापते आणि दाणा चहूबाजूंनी भाजतो.

पाखडणारी
राखेबद्दल कोणीच बोललं नाही. तळ जळणं हे एक कारण झालंच, पण फोलपटांचं काय? दाण्यावर पातळ पापुद्रा असतो तो क्रॅकच्या वेळी सुटतो आणि कढईच्या तळाशी बसून जळतो, त्याचा धूर सगळा दाण्यांत मुरतो. भट्टीत हवा ओढून घेतात, कढईत ते आपणच करायचं. क्रॅक सुरू झाला की मी खिडकीशी उभी राहून ढवळते आणि अधूनमधून फुंकर, आणि उतरवल्या उतरवल्या स्टीलच्या चाळणीत ओतून टेबल फॅनसमोर. मग सुपात घेऊन पाखडायचं, अंगणात किंवा टेरेसवर, घरात पाखडलंत तर पुढचा आठवडाभर फोलपटं सापडतील. गार तीन-चार मिनिटांत झालीच पाहिजे, तशीच गरम ढिगात ठेवली तर आतून भाजत राहते. चेरी म्हणजे सालासकट वाळवलेली असेल तर फोलपटं फारच जास्त.

आणि एक नाजूक प्रश्न. त्या कढईत आधी काय होत होतं?

कढईबहाद्दर
फोडण्या :D गेली कित्येक वर्षं. मटकीची उसळ, कांदेपोहे, सगळं त्यातच. आता कॉफीपुरती वेगळी ठेवलीय आणि घासूनपुसूनच घेतो हो.

पाखडणारी
बीड तेल धरून ठेवतं. घासून ते जात नाही आणि २०० डिग्रीला परत बाहेर येतं. रिकामी कढई तापवा, धूर निघायच्या आधी नाक जवळ न्या, हिंग-मोहरीचा किंवा खवट तेलाचा वास आला तर ती कढई पोह्यांनाच ठेवा. कॉफीला वेगळी, कोरडीच वापरायची.

ह्यावरून आठवलं, दळायचं मिक्सरचं भांडंसुद्धा वेगळं हवं. ज्यात लाल तिखट, गोडा मसाला फिरतो त्याच्या झाकणाच्या रबरात वास अडकून बसतो. तांदूळ फिरवून काढला तरी थोडा राहतोच.

जायफळ
मग जायफळ आपोआपच लागतंय की, मी वेगळं काय सांगत होतो!

कोकणकडा
वाचतोय, मस्त धागा, वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा प्रश्न वेगळा. चिपळूणला राहतो. मे महिन्यात आणलेल्या बिया छान लागत होत्या, गणपतीच्या सुमारास त्याच बिया, तीच भाजणी, आणि कॉफीला कुबट, गोणपाटाचा वास. मॉन्सून्ड मलबार प्यायलोय, त्यालाही कुबटपणाच्या जवळ जाणारा वास असतोच की, मग माझ्या घरात आपोआप मॉन्सून्ड झाली म्हणायची का?

मलनाडी मामा
नाही हो, तेवढं स्वस्तात होत नाही. मॉन्सून्ड मलबार करताना जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या गोदामांत बिया पसरून पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, फिरवतात, पोती बदलतात, दाणा फुगून पिवळट पांढरा होतो आणि आंबटपणा जवळपास जातो. तिथे लक्ष ठेवून केलेलं असतं, तुमच्याकडे पिशवीत बुरशी लागलीय. १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की बुरशीला आवतणच. दाण्यांवर पांढुरकी-हिरवट पूड दिसली किंवा हाताला दमट लागले तर भाजून वास जाईल ह्या आशेवर राहू नका, फेकून द्या. कॉफीवरच्या काही बुरश्या ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि भाजण्याने ते सगळं जाईल ह्याची खात्री नाही. कोकणात पावसाळ्याच्या आधी हवाबंद डब्यात भरा, डब्याला आधीचा कसला वास नको आणि त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत. बी वास फार पटकन ओढून घेते. नुसतं जुनं झालं असेल, बुरशी नसेल, तर चव लाकडासारखी कोरडी होते, विषारी नसते पण त्यालाही भाजणीत इलाज नाही.

मॉन्सून्ड कधी घरी भाजलीत तर लक्षात ठेवा, तो दाणा फुगलेला आणि पोकळ असतो, चिकमगळूरच्या धुतलेल्या अरेबिकाइतकी कढई तापवून टाकलात तर टोकं लगेच जळतात. सुरुवात मवाळ आचेवर करा.

भाईंदरची पोर
मामा रोबस्टा जातीबद्दल पण सांगा ना, मी रोबस्टा चेरी आणलीय स्वस्त मिळाली म्हणून आणि रबर जाळल्यासारखी लागतेय.

मलनाडी मामा
थोडं रबर रोबस्टाच्या अंगातच असतं, चेरीत जास्त. रोबस्टा पार्चमेंट, म्हणजे धुतलेली, घेतली तर बरंच कमी. आणि ती अरेबिकापेक्षा जरा पुढे भाजावी लागते, फिकट सोडली तर रबर आणि उकडलेलं धान्य दोन्ही. पण काळीकुट्ट केली की रबराच्या जागी डांबर. पाव हिस्सा रोबस्टा आणि बाकी अरेबिका वेगवेगळं भाजून मग मिसळा, एकत्र भाजू नका, दोघांचा वेळ जुळत नाही.

गॅरेजवाली
कोणी विचारलं नाही तरी सांगते, भाजल्यावर लगेच पिऊन निकाल लावू नका. ताज्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, पहिल्या दिवशी सगळंच धुरकट आणि टोचरं लागतं. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाखते. आणि दूध-साखर न घालता. ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, १५० मिली पाणी उकळी मोडल्यावर, चार मिनिटांनी वरचा थर मोडायचा आणि मग कोमट होईपर्यंत थोडं थोडं चमच्याने. गरम असताना सगळ्या कॉफ्या बऱ्या लागतात, कोमट झाल्यावर खरं रूप दिसतं.

निवांत नगरकर
पाण्याकडे पण बघा. आमचं बोअरचं पाणी जड, भाजणी कशीही करा कॉफी सपाटच लागायची. क्षार आम्ल मारतात. आरओचं घेतलं तर नुसती पातळ आणि टोचणारी. आता दोन्ही मिसळतो. दोष भाजणीचा की पाण्याचा हे बघायचं असेल तर चांगली तयार भाजलेली कॉफी आणून त्याच पाण्यात करा, ती पण तशीच लागली तर भाजणीचा दोष नाही.

औषधी कप
धागा वर काढतोय. माझी कॉफी दहापैकी नऊ वेळा छान, आणि मधेच एक कप असा येतो की दवाखान्यात गेल्यासारखं, टिंक्चर आयोडिनचा वास. तीच पिशवी, तीच भाजणी. मशीन धुतलं, फिल्टर उकळला, काही फरक नाही.

मलनाडी मामा
ह्यात तुमच्या भाजणीचा दोष शून्य. ह्याला रिओ चव म्हणतात, ब्राझीलच्या काही कॉफीवरून नाव पडलंय, त्यात ट्रायक्लोरोअनिसोल नावाचं रसायन सापडतं आणि अगदी नखभर पुरतं. एकदोन दाण्यांत असलं तरी त्या कपाचा सत्यानाश. मळ्यात किंवा वाळवताना लागलेलं असतं, भाजून जात नाही. थोडं थोडं दळत असाल तर ज्या कपाला वास येईल तेवढीच पूड टाकून द्या, पूर्ण डबा एकदम दळलात तर सगळीकडे पसरेल.

गॅरेजवाली
आमच्याकडे रवांडाच्या कॉफीत असंच कच्च्या बटाट्याचा वास येणारा एखादा कप निघतो. तिथे ते अँटेस्टिया नावाच्या किड्याशी जोडतात. तोही भाजून जात नाही, दळल्यावर नाकाला कळतो.

कढईबहाद्दर
मंडळी, आता जमतंय. नवी लोखंडी कढई, १५० ग्रॅम, साडेचारला पिवळं, दहाला क्रॅक, सव्वाबाराला खाली, घट १५ टक्के, सुपात पाखडून तीन दिवस डब्यात. लिंबासारखा हलका आंबटपणा आणि मागे गूळ, राख गायब. फक्त एक शंका उरलीय, अजूनही एखाद्या कपात तो शेंगदाणा डोकावतो, पूर्वीसारखा नाही, हलका. आणि भाजलेल्या दाण्यांत थोडे दाणे फिकट राहतात, बाकी सगळे चॉकलेटी आणि ते बदामी. अजून दोन मिनिटं दिली तरी ते तसेच.

मलनाडी मामा
ते क्वेकर. कच्चं फळ तोडलं की त्या बीत साखर कमी भरते, मग ती कितीही भाजा, रंग धरत नाही आणि चव शेंगदाणा-कागद. हिरवी असताना सहसा ओळखू येत नाही, भाजल्यावरच दिसते. त्या दोनचार दाण्यांसाठी वेळ वाढवू नका, बाकीचे जळतील. गार झाल्यावर पांढऱ्या ताटात पसरून निवडून काढा, तांदूळ निवडतो तेवढंच काम. स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाच्या कॉफीच्या निकषात १०० ग्रॅम भाजलेल्या नमुन्यात एकही क्वेकर चालत नाही, घरगुती पिशवीत मात्र चारदोन निघणारच. मूठभर निघत असतील तर तोडणी घाईत झालीय, ज्यांच्याकडून घेतलं त्यांना सांगा.

कढईबहाद्दर
१०० ग्रॅममध्ये एकवीस निघाले. फोटो पाठवला त्यांना. म्हणतात पुढच्या तोडणीला फक्त लाल फळांचा लॉट वेगळा काढून देतो, भाव दीडपट.

चहाबाज
माटुंगा अजून तिथेच आहे हो.